पेटींत राहिलेलें काम

बहुतेक प्रत्येक घरांत अशी एखादी पेटी असते, कीं ती उघडावयाची म्हटली म्हणजे गृहिणीच्या कपाळाला बारीकशी आठी पडते. तींत एका बाहीवर येऊन थांबलेला स्वेटर असतो, गळ्याशीं अडलेलें बाळाचें झबलें असतें, आणि अगदीं तळाशीं, जुन्या पंच्यांत बांधून ठेवलेलीं, गोधडीसाठीं म्हणून राखलेलीं लुगडीं असतात. घरांतील मंडळी या पेटीविषयीं थट्टेनें बोलतात. ‘आरंभशूर’ हें विशेषण तर ठरलेलेंच. आमच्या मतें या थट्टेंत निम्मा अन्याय आहे, आणि उरलेल्या निम्म्यावर उपाय करतां येण्यासारखा आहे. थंडीचे दिवस येण्यापूर्वीं त्याविषयीं चार शब्द लिहावे, असें योजिलें आहे.

प्रथम अन्यायाचा भाग. पुरुषमंडळींस वाटतें कीं, काम अर्धें राहतें तें कंटाळ्यामुळें. खरी गोष्ट अशी कीं, एकत्र कुटुंबांतील बाईला वेळ मिळतो तो तुकड्यातुकड्यांनीं. कुकरच्या दोन शिट्यांमधील पांच-सात मिनिटें, मुलाला शिकवणीहून आणावयास जाण्यापूर्वींचा पाव तास, नोकरी करणारी असेल तर आगगाडींत बसावयास जागा मिळाली त्या दिवशींचा अर्धा तास. एवढ्या वेळांत हात चालत नाहींत असें नाहीं. परंतु काम हातीं घेतल्यावर आपण होतों कोठें, ही ओळ सुलट कीं उलट, बाहीचे टांके चार कमी केले कीं सहा, याचा शोध लावण्यांतच तो वेळ सरतो. दोनदां असें झालें म्हणजे तिसऱ्यांदा पेटी उघडावीशीच वाटत नाहीं. काम मागें पडतें तें येथें. म्हणून भरभर विणतां येण्यापेक्षां काम नीट खालीं ठेवतां येणें आम्हांस अधिक महत्त्वाचें वाटतें.

ओळीच्या मधोमध विणकाम सोडूं नये. हांक आली तरी हातांतली ओळ पुरी करावी. तिला तीन-चार मिनिटें लागतात, आणि तेवढ्यांत घर कांहीं बुडत नाहीं. (दूध उतूं जात असेल तर गोष्ट वेगळी.) ओळ संपली कीं पुढची कोणती, हें एका चिठ्ठीवर लिहून ती लोकरीच्या गुंड्यांत खोंचावी. स्मरणशक्तीवर भरंवसा ठेवणाऱ्या पुष्कळ हुशार बायकांचे स्वेटर अर्धे राहिलेले आम्ही पाहिले आहेत. शिवाय नक्षीची वीण गडबडीच्या वेळीं हातीं घेऊंच नये. पाठीचा साधा भाग गप्पांत, प्रवासांत, मुलाचे पाढे ऐकतांना होतो. वेलबुट्टी दुपारच्या निवांत वेळेसाठीं राखावी.

आतां थोडा हिशेब. सहा-सात वर्षांच्या मुलाचा स्वेटर घ्या. मध्यम जाडीच्या लोकरीचे दहा सेंटिमीटरांत सुमारें 22 टांके व 30 ओळी बसतात. घेर 70 सेंटिमीटर व लांबी 40 धरली, तर पाठ आणि पुढा मिळून साडेअठरा हजारांच्या आसपास टांके होतात. दोन्ही बाह्यांचे आणखी दहा हजार. मिनिटाला वीस टांके ही कांहीं मोठी गति नव्हे. त्या गतीनें रोज अर्धा तास विणल्यास सत्तेचाळीस दिवस लागतात. म्हणजे घटस्थापनेला टांके घातले, तर मधले चार-दोन बुडालेले दिवस व शिवणकाम धरून मार्गशीर्ष लागतां लागतां स्वेटर मुलाच्या अंगांत जाईल. दिवाळीचा फराळ आटोपल्यावर सुरुवात करणारीला तो मिळेपर्यंत संक्रांत जवळ येते, आणि मग थंडीच ओसरूं लागते.

हा हिशेब आम्ही उगाच मांडीत नाहीं. या वयांत मूल वर्षाला पांच-सहा सेंटिमीटर उंच होतें. मोठ्या माणसाचा स्वेटर एक हिंवाळा थांबूं शकतो. मुलाचा थांबला, तर पुढील वर्षीं तो धाकट्या भावंडाचा होतो, आणि धाकटें भावंड नसेल तर कोणाचाच होत नाहीं. ज्याच्यासाठीं तो विणावयास घेतला, त्याच्या अंगावर तो कधींच न पडणें, ही विणणारीच्या मनाला फार लागणारी गोष्ट आहे. त्यावर एक तोड आहे. बाही मनगटाकडून वर न विणतां खांद्याशीं टांके उचलून खालीं विणीत आणावी. मग मनगटाचा कांठ उसवून दोन बोटें लांबी केव्हांही वाढवितां येते.

गोधडीची तऱ्हा निराळी. सहा फूट लांब व चार फूट रुंद गोधडी एक बोट अंतरानें शिवावयाची, तर सुमारें साठ ओळी होतात आणि धांवदोऱ्याची एकूण लांबी सुमारें 110 मीटर भरते.   एकटीनें एका बैठकींत चार ओळी घातल्या, तर पंधरा बैठका. परंतु मुळांत हें एकटीचें काम नव्हेच. लुगडीं एकावर एक पसरून, सुरकुती काढून, थर कच्च्या टांक्यानें टाचून घ्यावयास चार हात तरी हवेत. आणि एकदां टाचली, कीं चौघी चार बाजूंनीं बसूं शकतात. उत्तर कन्नड जिल्ह्यांतील सिद्दी समाजाच्या बायका आपली कवंदी कडेपासून शिवीत शिवीत मध्याकडे नेतात. या रीतीचा एक मोठा फायदा असा कीं, कांठ आधींच पक्के होतात, आणि काम मध्यें महिनाभर पडून राहिलें तरी कडा उसवत नाहींत.

लुगड्यांबद्दलहि सांगावयास हवें. गोधडीला सुती, पुष्कळदां धुतलेलें, मऊ झालेलें लुगडेंच पाहिजे. कृत्रिम धाग्याच्या साड्या घरांत कितीहि सांठल्या असल्या, तरी त्यांचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि त्या घाम टिपीत नाहींत. आजीचीं नऊवारी सुती लुगडीं ज्या घरांत अजून शिल्लक आहेत, तेथें तीं शेवटचींच आहेत असें समजून चालावें.

आमच्या माहितीच्या एका घरीं अशीं सात लुगडीं माळ्यावर अकरा वर्षें पडून होतीं. सून दर उन्हाळ्यांत तीं काढी, ऊन दाखवी आणि परत ठेवी. दरम्यान सासूबाईंची दृष्टि मंदावली. गोधडी कशी घालावयाची हें घरांत ठाऊक होतें तें एकट्या त्यांनाच. आणि सुईंत दोरा ओंवणें आतां त्यांच्याच्यानें होईना. शेवटीं नातवानें तोड काढली. कॉलेजांत जाण्यापूर्वीं तो दहा सुया ओंवून उशीला टोंचून ठेवूं लागला. सासूबाई बोटानें अंतर चांचपीत टांका घालीत. सून समोरच्या कडेला बसे. पहिल्या आठवड्यांत सुनेच्या ओळी वांकड्या गेल्या. सासूबाईंनीं त्या उसवूं दिल्या नाहींत. पुढें त्या घरांत दुसरी गोधडी झाली, तेव्हां ती सुनेनें घातली. सासूबाई नुसत्या जवळ बसून होत्या.

या कामीं घराचेंहि कांहीं देणें आहे. सकाळीं वर्तमानपत्र हातीं घेतलेल्या गृहस्थाला कोणी डाळ निवडावयास सांगत नाहीं. मग दुपारीं सुया हातीं घेतलेल्या बाईला मात्र ‘रिकामीच आहेस तर’ म्हणून कां उठवावें? आठवड्यांतून दोन दुपारीं दारावरची घंटा, फोन व चहा दुसऱ्या कोणीं पाहावा, एवढेंच मागणें आहे. तें सुनांसाठीं सासूबाईंनींच मागितलें, तर लवकर मान्य होतें, असा अनुभव आहे.

राहिली पेटी. ती एकदां सबंध उपडी करावी, आणि हातांत ठेवावीं तीं कामें दोनच: एक पिशवींतून नेण्याजोगें, दुसरें घरीं बसून करण्याचें. उरलेल्यांपैकीं जें कोणाच्याच उपयोगाचें राहिलें नाहीं, तें खुशाल उसवावें. अस्सल लोकर पडून राहिली तर तिला कसर लागते. उसवली तर ती पुन्हा लोकर होते. उसवतांना तिची पाटावर लड करावी, चार ठिकाणीं सैल दोरा बांधावा, कोमट पाण्यांत भिजवावी आणि पिळतां न पिळतां सावलींत टांगावी. धाग्याचे वळसे पुष्कळसे निघून जातात. तशी लोकर पुरी पडत नसेल, तर तोच रंग दुकानांत शोधीत हिंडूं नये. वेगळ्या वेळीं रंगविलेल्या लोकरीची छटा जुळत नाहीं, आणि ती न जुळलेली छातीवर फार दिसते. कांठाला व मनगटांना सरळ दुसराच रंग घालावा. मुलांना तोच अधिक आवडतो.