पिवळा दिवा पुसणे म्हणजे दुरुस्ती नव्हे



मुंबई-नाशिक महामार्गावर इंजिनाचा पिवळा दिवा लागल्यास बॅटरीची तार काढून पुन्हा जोडावी, हा गेल्या अंकातील लेखाचा सल्ला दोषाला हातही लावत नाही. त्याने गाडीच्या संगणकातील दोषसंकेत आणि दोषाच्या क्षणीची इंजिनाची गती, तापमान आदी नोंद तेवढी पुसली जाते, म्हणजे कारागिराचा पुरावाच नाहीसा होतो. हा दिवा कंपन्यांची क्लृप्ती असल्याचे विधानही खरे नाही, कारण उत्सर्जनातील बिघाड स्वतः ओळखणारी ही यंत्रणा, म्हणजे ओबीडी, भारतात बीएस-४ मानकांसोबत २०१० पासून टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली.

स्थिर पिवळ्या दिव्यावर, गाडी सुरळीत चालत असल्यास, गॅरेज गाठता येते, एवढे मान्य. परंतु तो लुकलुकत असेल, तर सिलिंडरमध्ये नीट न पेटलेले इंधन धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळून तो निकामी होऊ शकतो, हा भेद लेखात नाही. तेलदाबाचा लाल दिवा लागल्यास तर गाडी सुरक्षित बाजूला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे, पडघ्याचा टोलनाका समोर दिसत असला तरी.

दोषसंकेत वाचणारा स्कॅनर म्हणेल तो सेन्सर बदलावा, हे लेखातील म्हणणेही चूक, कारण तोच संकेत गंजलेल्या जोडणीमुळे किंवा उंदराने कुरतडलेल्या तारेमुळेही उमटतो, आणि पडघा-भिवंडीच्या या गोदामांच्या पट्ट्यात उंदरांना तोटा नाही.

— एक वाचक, पडघा (ता. भिवंडी)