चकोर कुठं हरवला?

मागच्या शनिवारी बदलापूरला आजीकडे गेले होते. हल्ली आजीच्या आठवणींचं नेटवर्क जरा वीक झालंय. सकाळी काय खाल्लं ते सांगता येत नाही, पण मध्येच म्हणाली, "अगं, ती चकोराच्या पिल्लांची ओवी म्हण ना. मला पुढचं आठवेचना."

ज्ञानेश्वरीच्या नऊ हजारांच्या घरातल्या ओव्यांमधून मी कुठली म्हणणार? पण हातात मोबाईल होता आणि मराठी विकिस्रोतावर अख्खी ज्ञानेश्वरी आहे. ऐटीत टाइप केलं, 'चकोराची पिल्ले'. काहीच हाती लागलं नाही! आजी म्हणाली, "राहू दे." ते 'राहू दे' फार लागलं हो. परतीच्या लोकलमध्ये पुन्हा शोधायला बसले आणि माझ्या चुका एकेक करून लक्षात आल्या. तुमच्याही होत असतील, म्हणून हा सर्चचा फंडा:

कमी टाइप करा : मराठी शब्दांना प्रत्यय चिकटतात. 'घोडा' शोधाल तर 'घोड्याला' सापडणार नाही. म्हणून शब्दाचा न बदलणारा तुकडा घ्या आणि विकिस्रोतावर त्यापुढे फुली द्या : चकोर*. अध्यायाचं पान उघडलं की ब्राउझरचं 'फाइंड' वापरा. ते शब्दाच्या पोटातला तुकडाही पकडतं.

जुनं शुद्धलेखन आठवा : १९६२च्या नियमांआधीच्या पुस्तकांत अनुस्वारांचा पाऊस असतो. नांव, कांहीं, घरांत! हरिभाऊ आपट्यांची गाजलेली कादंबरीसुद्धा मुळात 'पण लक्षांत कोण घेतो'. तेव्हा दोन्ही प्रकारे शोधा.

तुमचा नाही, लेखकाचा शब्द हवा : मी 'पिल्लू' म्हणत होते, ज्ञानेश्वर म्हणतात 'तलग'. सातशे वर्षांचा फरक आहे, राव! अर्थ अडला तर 'बृहद्कोश' नावाच्या साइटवर एकाच वेळी अनेक मराठी शब्दकोश धुंडाळता येतात.

गावाचं जुनं नाव विचारा : फाळणीनंतर इथे आलेल्या सिंधी कुटुंबांबद्दल शोधताय? नुसतं 'उल्हासनगर' टाकू नका. हे नाव मिळालं ८ ऑगस्ट १९४९ला. त्याआधीचं सगळं 'कल्याण कॅम्प'खाली. आपलं अंबरनाथही जुन्या इंग्रजी लिखाणात 'अमरनाथ' म्हणून भेटतं.

स्कॅनवर डोळे मिटून विश्वास नको : विकिस्रोतावर बऱ्याच पानांचं मुद्रितशोधन माणसं करतात. पण नुसत्या स्कॅन केलेल्या पुस्तकात अक्षरं मशीन वाचतं आणि 'घ'चा 'ध', 'भ'चा 'म' करून ठेवतं. 'भाकरी' मिळाली नाही तर 'माकरी' टाकून बघा. हसू नका, चक्क सापडते! आणि शून्य रिझल्ट म्हणजे 'पुस्तकात नाही' असं समजू नका. तो शब्द 'असा लिहिलेला नाही', एवढाच त्याचा अर्थ.

तर, अंबरनाथ सोडून लोकल उल्हासनगरला टेकेपर्यंत माझे चकोर सापडले. पहिल्याच अध्यायात, शरदाचं चांदणं टिपत बसले होते. शब्द होता 'चकोरतलगें'. 'चकोर' आणि 'तलगें' एकमेकांना चिकटलेले, वर अनुस्वार. माझ्या 'चकोराची पिल्ले'ला कसे सापडणार?

विठ्ठलवाडीला आजीला फोन लावला. गर्दीत, बायकांच्या डब्यात, मोठ्यानं ओवी वाचली. शेवटचा शब्द मुद्दाम गाळला. पलीकडे क्षणभर शांतता. मग आजीनं तो शब्द अनुस्वारासकट म्हटला आणि पुढची ओवीही म्हणून टाकली. माझ्याकडून चुकून फोन कट झाला, तर तिनंच परत केला.

या वीकएण्डला तुमच्या घरातल्या आजी-आजोबांना एक अर्धवट आठवणारी ओळ विचारा. शोधायचं कसं, ते आता कळलंय. वेळ मात्र आत्ताच काढा.