पोषाखाची उलट बाजू

वरच्या वर्गांच्या वह्या तपासतांना अलीकडे एक गोष्ट वारंवार आमच्या नजरेस येते. भूमितीच्या वहीचीं शेवटचीं पानें उलटलीं म्हणजे तेथें त्रिकोण व वर्तुळें नसून लांब घोळाचे झगे, फुगीर बाह्या व उंच टांचांचे जोडे काढलेले असतात, आणि त्यांखालीं परदेशी नांवें लिहिलेलीं असतात. डिओर, शनेल, बालेन्सियागा! हीं नांवें आमच्या विद्यार्थिनींस, आणि लपविण्यांत अर्थ नाहीं, कांहीं विद्यार्थ्यांसही, इतिहासांतील सनावळीपेक्षां अधिक चांगलीं पाठ आहेत. पॅरिस किंवा मिलान येथें दुपारीं एखादा नवा पोषाखसंग्रह रॅम्पवर आला, तर तो रात्रीपर्यंत मोबाईलच्या पडद्यावर येऊन पोंचतो, आणि दुसऱ्या दिवशीं मधल्या सुटींत त्यावर अशी चर्चा रंगते कीं, घंटा झालेली कोणास ऐकूं येत नाहीं.

याविषयीं पालकांचे निरोप आमच्याकडे येऊं लागले आहेत. बहुतेकांचें म्हणणें असें कीं, हें खूळ शाळेनें मोडून काढावें. एका सद्गृहस्थांनीं तर विचारलें, "मुलीला एवढें शिकविलें तें शिंप्याचें काम करावयास काय?" या प्रश्नांतील चिंता आम्हांस समजते; परंतु 'शिंप्याचें काम' हे शब्द मात्र अजून आमच्या मनांत सलत आहेत. ज्या महाराष्ट्रानें नामदेव शिंप्याचे अभंग सुमारें ७०० वर्षें ओठांवर वागविले, त्या महाराष्ट्रांत सुईदोऱ्याची ही हेटाळणी कोठून आली असावी बरें?

आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, मुलांना या पोषाखांचें कौतुक वाटतें हें वाईट नाहीं. वाईट एवढेंच कीं, तें कौतुक फार लवकर थांबतें. तें चित्रापाशीं थांबतें, नांवापाशीं थांबतें, आणि किंमतीचा आंकडा ऐकून तोंडांत बोट घालण्यापाशीं तर हमखास थांबतें. पोषाखाच्या आंत काय आहे, तो झाला कसा, तो केला कोणीं, हें विचारण्यापर्यंत तें पोंचत नाहीं.

ज्यांस हल्लीं फॅशन डिझायनर म्हणतात, त्या मंडळींचा आद्यपुरुष मानला जाणारा चार्ल्स फ्रेडरिक वर्थ हा फ्रेंचही नव्हता व श्रीमंतही नव्हता. १८२५ सालीं इंग्लंडांतील लिंकनशायरांत जन्मलेला हा मुलगा लहानपणींच कापडाच्या दुकानांत नोकरीस लागला, आणि पुढें पॅरिसला जाऊन तेथेंही दुकानांतच राबला. १८५८ सालीं त्यानें स्वतःचें दुकान घातलें. तोंपर्यंत शिवणारे लोक मोठ्या घरच्या स्त्रियांकडे जाऊन त्यांच्या हुकुमाप्रमाणें कपडे शिवीत. वर्थनें त्या स्त्रियांस आपल्या दुकानीं यावयास लाविलें, जिवंत मुलींच्या अंगावर पोषाख घालून दाखविले, आणि चित्रकार चित्रावर सही करितो त्याप्रमाणें कपड्याच्या आंत आपल्या नांवाची पट्टी शिवली. फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी ही त्याची गिऱ्हाईक होती. शिवणाराला नांव मिळालें तें असें, आणि तेंही अवघ्या दीडशेंहून थोड्या अधिक वर्षांपूर्वीं.

क्रिस्तोबाल बालेन्सियागाची गोष्ट तर आम्हीं प्रत्येक विद्यार्थ्यास सांगूं इच्छितों. स्पेनांतील गेतारिया नांवाच्या कोळ्यांच्या गांवीं १८९५ सालीं त्याचा जन्म झाला. बाप दर्यावर्दी, तो लवकरच वारला; आई शिवणकाम करून घर चालवी. मुलगा आईच्या शेजारीं बसून शिकला. पुढें पॅरिसांत त्याचें नांव सर्वतोमुखीं झालें, तरी कापणें, जुळविणें व शिवणें हें सर्व त्यास स्वतःच्या हातानें येत असे. बाही खांद्यावर मनासारखी बसली नाहीं तर ती उसवून तो पुन्हां लावी, पुन्हां उसवी. प्रदर्शन संपल्यावर टाळ्या घेण्यास तो लोकांपुढें येत नसे. ज्या मुलांना एकदां लिहिलेला निबंध पुन्हां लिहा म्हटलें तर शिक्षा झाल्यासारखें वाटतें, त्यांनीं या बाहीचा थोडा विचार करावा.

अर्थात् या क्षेत्रांत सर्वच संन्यासी नाहींत. १२ फेब्रुवारी १९४७ रोजीं ख्रिस्तिआन डिओरनें पॅरिसांत आपला पहिला संग्रह मांडला. महायुद्ध संपून दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. युद्धकाळांत कापडाची इतकी टंचाई होती कीं, घागरे आंखूड, खांदे चौकोनी व घड्या मोजक्या, असा सर्वत्र रिवाज पडला होता. डिओरनें कंबर बारीक केली आणि घागरे घोट्याजवळ नेऊन त्यांना वारेंच्या वारें कापड लाविलें. एका अमेरिकन संपादिकेनें त्यास 'न्यू लुक' म्हटलें, आणि तें नांव जगभर झालें. परंतु इंग्लंडांत त्या वेळीं कपड्यांचें रेशनिंग चालू होतें, तें १९४९ पर्यंत उठलें नाहीं. अमेरिकेंतही स्त्रियांनीं फलक घेऊन डिओरचा निषेध केला. त्यास भांडवल पुरविणारे मार्सेल बुसाक हे मोठे कापडगिरणीवाले होते. गिरणीच्या मालकास घेरदार घागरा कां आवडावा, हें गिरण्यांच्या भोंग्यांवर एके काळीं उठणाऱ्या मुंबईस समजावून सांगावयास नको. तरीही तें चित्र पाहिलें म्हणजे आम्हांस निषेध करणाऱ्या स्त्रियांचें पटतें, आणि इतकीं वर्षें काटकसर करून थकलेल्या डोळ्यांना तो घेर पाहून आनंद झाला असेल हेंही पटतें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतात.

याच डिओरच्या घराण्यानें ३० मार्च १९२३ नव्हे, २०२३ रोजीं (आमच्या हातून शतक चुकावें इतकी ती कमान जुनी दिसते) मुंबईस गेटवे ऑफ इंडियासमोर आपला संग्रह दाखविला. तेव्हां त्या घराण्याच्या मुख्य रचनाकार मारिआ ग्राझिया क्युरी या होत्या. त्या रोमच्या, त्यांची आईही शिवणकामच करी. त्या प्रदर्शनासाठीं गेटवेसमोर भव्य तोरण उभारलें होतें, आणि तें कागदाचें वा फुलांचें नव्हतें. तें भरतकामाचें होतें. तें व त्या संग्रहांतील भरजरी काम मुंबईच्या चाणक्य या संस्थेच्या कारागिरांनीं केलें होतें. या संस्थेनें २०१६ सालीं एक कलाशाळा काढिली असून, मुंबईंत जें भरतकाम आजवर बहुतेक पुरुषच करीत आले, तें तेथें स्त्रियांस शिकवितात. आमच्या मुलांनीं तीं चित्रें शंभर वेळां पाहिलीं. तरी त्यांतील कितीजणांस ठाऊक होतें कीं, पॅरिसच्या ज्या नक्षीवर आपण भाळलों, ती कदाचित् आपल्याच आगगाडीच्या वाटेवरील एखाद्या माडीवर भरली गेली असेल?

आम्हांसही तें नीट कळलें तें एका विद्यार्थ्यामुळें. वर्गांत त्या प्रदर्शनाविषयीं मोठमोठ्यानें बोलणें चाललें असतां नववींतील हा मुलगा गप्प बसून होता. त्याचे वडील उत्तरेकडून मुंबईस आलेले जरदोजीचे कारागीर. लांकडी चौकटीवर, जिला अड्डा म्हणतात, कापड ताणून बसवितात. टोंचून भोंकें पाडलेल्या कागदावरून त्यावर नक्षी उतरवितात. मग चौघे पांचजण भोंवतीं मांडी घालून बसतात व आरी नांवाच्या अणकुचीदार आंकड्यानें टांका टांका वर ओढीत दिवस घालवितात. एक हात वर, एक हात कापडाखालीं. खालचा हात कोणासच दिसत नाहीं. त्या मुलास आम्हीं विचारलें, "तुझ्या वडिलांनीं अशा मोठ्या घराण्याचें काम कधीं केलें आहे काय?" तो म्हणाला, "माहीत नाहीं. त्यांनाही माहीत नाहीं. तुकडा येतो, भरून झाला कीं जातो. पुढें त्याची बाही होते कीं पाठ, तें आम्हांला कोणी सांगत नाहीं."

हें उत्तर ऐकून वर्ग शांत झाला, आणि खरें सांगावयाचें तर आमच्याजवळही त्यास बोलण्यासारखें कांहीं नव्हतें.

घरीं येतांना आम्हांस निर्गमाच्या पुस्तकाची आठवण झाली. शास्त्राच्या तासाला निवासमंडपाच्या उभारणीचे ते अध्याय आले म्हणजे मुलें जांभया देतात. मोजमापें, कड्या, पडदे व सुतें यांचा तेथें अंत नाहीं. परंतु त्याच कंटाळवाण्या पानांत कारागिरांचीं नांवें आहेत. यहूदा वंशांतील बसालेल, दान वंशांतील अहलियाब. बापाच्या नांवासह, कुळासह. अहलियाब हा निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुतानें वेलबुट्टी काढणारा होता, हेंही नमूद करून ठेविलें आहे. ज्या लिहिणारानें हें नमूद केलें, त्यास खालचा हात दिसत होता.

आजच्या वैभवशाली घराण्यांना तो नेहमींच दिसतो असें नाहीं. २०२४ च्या जून महिन्यांत मिलान येथील न्यायालयानें डिओरच्याच इटलींतील एका उत्पादक कंपनीवर प्रशासक नेमला. पिशव्या बनविणाऱ्या पोटकंत्राटदारांकडे कामगारांची पिळवणूक होत असतां कंपनीनें पुरेशी देखरेख ठेविली नाहीं, असें न्यायालयाचें म्हणणें होतें. कंपनीनें सुधारणा केल्यावर हा अंमल २०२५ मध्यें मुदतीपूर्वींच उठविण्यांत आला, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. आम्हीं ही हकीकत वर्गांत सांगितली तेव्हां एक मुलगी रागावून म्हणाली, "मग आम्हीं तीं चित्रें पाहूंच नयेत काय?" आमचें उत्तर असें कीं, अधिक पाहावीं. पण एकदां तरी पोषाख मनांतल्या मनांत उलटा करून पाहावा. आमच्या आज्या साडी घेतांना पदर उलटून पाहत असत. उलट बाजू स्वच्छ असली तरच दुकानदाराशीं भाव बोलत.

आणि या धंद्यांत उलट बाजूही स्वच्छ ठेवणारीं माणसें झालीं नाहींत असें नाहीं. मादलेन व्हिओने ही स्त्री (१८७६ ते १९७५) लहान वयांतच शिवणाऱ्या बाईकडे उमेदवारीस लागली. ती लांकडाच्या लहानशा बाहुलीवर कापड गुंडाळून पोषाख रची, आणि कापड उरेब कापण्यांत तर तिचा हात धरणारा कोणी झाला नाहीं. ताण्याबाण्यास तिरपें कापलें कीं कापड अंगाबरोबर कसें वळतें, हें आमच्या शिवणाच्या वर्गांतील मुलींनीं गळ्याची पट्टी लावतांना अनुभविलेंच आहे. व्हिओनेनें अख्खा झगा तसा केला. लोक तिची नक्कल करूं लागले तेव्हां ती आपल्या पोषाखांतील पट्टीवर उजव्या आंगठ्याचा ठसा उमटवूं लागली. हें सर्व पुस्तकांत सांपडतें. आम्हांस अधिक आवडली ती दुसरी गोष्ट. तिच्या कारखान्यांतील मुलींस पगारी सुटी मिळे, जेवणाची सोय होती, दवाखाना होता, त्यांच्या लेंकरांस सांभाळण्याची व्यवस्था होती, आणि बसावयास चौरंगी तिवया नसून पाठीच्या खुर्च्या होत्या. पाठ टेंकावयास मिळणें म्हणजे काय, हें दहा तास अड्ड्यावर वांकून बसणारासच विचारावें.

म्हणून ज्या मुलीला असा रचनाकार व्हावयाचें आहे, तिच्या वडिलांस आमची विनंति आहे कीं, तिला अडवूं नये. तिला शिंप्याकडे बसवावें. सुटींत महिनाभर तिनें काज करावें, अस्तर लावावें, उसवावें. एवढ्यानें तिची हौस फिटली तर चिंता मिटली. न फिटली तर ती हौस खरी आहे असें समजावें व पुढील शिक्षणाचा विचार करावा.

परंतु दुसऱ्यांस उपदेश करण्यापूर्वीं आम्हीं स्वतःच्या घरांत डोकावलों, आणि ओशाळलों. आमच्या स्नेहसंमेलनांतील नाटकांचे पोषाख गेलीं कित्येक वर्षें एकच शिंपीदादा शिवून देतात. कार्यक्रमपत्रिकेंत रंगभूषा करणाराचें, पडदे रंगविणाराचें, इतकेंच काय, खुर्च्या पुरविणाऱ्या मंडपवाल्याचेंही नांव असे, दादांचें नसे. यंदा तें छापावयाचें ठरलें. आम्हीं मोठ्या उत्साहानें त्यांच्या दुकानीं जाऊन ही बातमी सांगितली. मशीनवरून मान वर न करितां ते म्हणाले, "गुरुजी, नांव छापा, आनंद आहे. पण गेल्या वर्षींचें बिल दिवाळीपर्यंत आलें नव्हतें, तेवढें यंदा बघा."

यंदा संमेलनाच्या दिवशींच, पडदा वर जाण्याआधीं, त्यांचे पैसे त्यांच्या हातांत दिले. त्यांनीं ते मोजले, खिशांत ठेविले, आणि मग कार्यक्रमपत्रिकेच्या दोन प्रती मागून घेतल्या.