खुराड्यातले रात्रीचे चोर

मुलांनो,

रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठून बांग देणारा तुमच्या घरचा कोंबडा एखाद्या दिवशी गप्प राहिला, तर काय कराल? पंख सैल सोडून, मान आत ओढून, डोळे अर्धे मिटून तो कोपऱ्यात बसलाय. समोर कणकी टाकली तरी चोच लावत नाही. घरात कुणी म्हणतं, नजर लागली. कुणी म्हणतं, हवा बदलली. आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "मरायच्या आधी कापून टाका!"

जरा थांबा. आज आपण याच कोंबड्याबद्दल बोलणार आहोत.

पाळलेला कोंबडा एक दिवस बाजारात जाणार, नाहीतर मंडईला आलेल्या पाहुण्यांच्या ताटात जाणार, हे आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना मी सांगायला नको. पण तो आपल्या दारात आहे तोवर त्याचं दुखणंखुपणं बघणं हे आपलंच काम. शिवाय आजारी पक्षी कापणं माणसालाही धोक्याचं असतं. का, ते पुढे सांगतो.

आधी त्याला वेगळा करा

पहिलं काम, आजारी पक्षी बाकीच्यांपासून दूर ठेवायचा. एक मोठं डालगं घ्या. कोरड्या, सावलीच्या जागी खाली जुना कागद अंथरा आणि त्याला त्यात ठेवा. अंग गरम लागलं म्हणून लगेच ताप आला असं समजू नका बरं! आपल्या अंगाचं तापमान ३७ अंश सेल्सियस असतं, तर कोंबड्याचं साधारण ४१. त्यामुळे तो आपल्या हाताला नेहमीच गरम लागतो. उलट आजारी पक्षी ओलाव्यानं आणि गार वाऱ्यानं लवकर काकडतो. पावसाळ्यात तर त्याला जास्तच जपावं लागतं.

उथळ ताटलीत स्वच्छ पाणी ठेवा. त्यात गुळाचा छोटा खडा विरघळवला तरी चालेल. पण चोच उघडून पाणी ओतायचं मात्र नाही. कोंबड्याच्या जिभेमागेच श्वासनळीचं तोंड असतं. ओतलेलं पाणी तिकडे गेलं, तर बरा होणारा पक्षीही दगावतो. बोटानं चोचीच्या कडेला एकेक थेंब लावा, तो आपला आपण गिळेल. खायला मऊ भात, भिजवलेली कणकी आणि बारीक चिरलेला पाला द्या.

आता डॉक्टरसारखं बघा. सगळ्यात आधी तुरा. लालभडक तुरा म्हणजे अंगात रक्त चांगलं. निळा-जांभळा पडला असेल, तर वेळ न घालवता पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. आणि तुरा फिकट, पांढुरका दिसत असेल, तर कोंबड्याचं रक्त कमी झालंय. ते कुठे गेलं?

पांढऱ्या कागदावरच्या रेघा

माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगा आहे. एका सोमवारी तो म्हणाला, "गुरुजी, आमचा कोंबडा चार दिवस झाले, बांगच देत नाही जी."

"अंगावर काही दिसतं का?"

"काहीच नाही जी. पिसं उचलून पाहिली. तुरा मात्र पांढरा पडला."

त्याच खुराड्यात एक कोंबडी अकरा अंड्यांवर बसली होती. तीही दोनदा अंडी सोडून उठली होती. एरवी खुडूक कोंबडी जागा सोडत नाही, हे तुम्हांला माहीत आहेच. मी त्याला म्हटलं, "दिवसा पाहून उपयोग नाही. रात्री जेवणं झाली की बाबांना घेऊन, बॅटरी घेऊन जा. कोंबडा बसतो त्या काठीच्या खालच्या बाजूनं एक पांढरा कागद घास आणि उद्या मला आणून दाखव."

दुसऱ्या दिवशी तो कागद वर्गात आला. त्यावर लालसर-तपकिरी रेघा उमटल्या होत्या. सगळी पोरं भोवती गोळा झाली. एकीनं विचारलं, "हे रक्त कोणाचं जी?"

रक्त कोंबड्याचंच होतं. पण ते दुसऱ्याच्या पोटातून आलं होतं.

आठ पायांचा चोर

हा चोर म्हणजे माइट. आपल्याकडे कुणी त्याला कोंबडीची उवा म्हणतं, कुणी पिसवा म्हणतं. पण तो या दोघांपैकी एकही नाही. उवा आणि पिसवा हे कीटक. त्यांना सहा पाय असतात. मोठ्या झालेल्या माइटला आठ. म्हणजे तो कोळी आणि गोचीड यांच्या गोतावळ्यातला. भिंग असेल तर पाय मोजून बघा.

कोंबड्यांना छळणारा लाल माइट जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. उपाशी असताना राखाडी दिसतो, रक्त प्यायला की लाल. दिवसा तो काठीच्या टोकाशी, बांबूच्या पेरात, भिंतीच्या भेगेत, तणसाच्या खाली दडून बसतो. अंधार पडला, कोंबड्या बसल्या की बाहेर येतो, रक्त पितो आणि पुन्हा फटीत जातो. म्हणून त्या मुलाला दिवसा कोंबड्याच्या अंगावर काहीच दिसलं नव्हतं! मोठा कोंबडा काही दिवस हे सोसतो. अंड्यांवर बसलेली कोंबडी मात्र रात्रभर एकाच जागी अडकलेली असते आणि लहान पिल्लांच्या अंगात रक्तच किती असणार? चोर फार झाले तर पिल्लं मरतात.

माइटच्या दुसऱ्याही जाती आहेत. एक जात दिवसरात्र पक्ष्याच्या अंगावरच राहते. शेपटीखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली की ती दिसते. दुसरी पायाच्या खवल्यांखाली शिरते. मग खवले वर उचलले जातात, पायावर चुन्यासारखी पांढरट खपली धरते आणि कोंबडा लंगडतो. अशी खपली ओरबाडून काढू नका. दवाखान्यात दाखवा.

थोडं गणित

उबदार आणि दमट हवेत लाल माइटच्या अंड्यापासून पुन्हा अंडी घालणारी मादी तयार व्हायला जेमतेम एक आठवडा लागतो. आपल्याकडे रोवणीच्या दिवसांत हवा अगदी अशीच असते. आता समजा, एका मादीपासून आठवड्यात दहा माद्या झाल्या. पहिल्या आठवड्याला १०, दुसऱ्याला १००, तिसऱ्याला १,०००. कोंबडीची अंडी उबायला किती दिवस लागतात? २१. म्हणजे तीन आठवडे! कोंबडी अंड्यांवर बसली तेव्हा खुराड्यात एक चोर असेल, तर पिल्लं बाहेर येतील तेव्हा हजार चोर त्यांची वाट बघत असतील.

या गणितातून दोन गोष्टी कळतात. नुसत्या कोंबड्यावर औषध करून भागत नाही, कारण चोरांचं घर खुराड्यात आहे. आणि खुराडं एकदा धुऊनही भागत नाही, कारण फटीतली अंडी वाचतात आणि आठवड्याभरात नवी फौज उभी राहते. खुराडं रिकामं ठेवून वाट बघावी म्हटलं, तर हा पठ्ठ्या काहीही न खाता अनेक महिने जगू शकतो.

खुराड्याची साफसफाई

त्या मुलाच्या घरी रविवारी सगळे कामाला लागले. तुम्हीही असंच करा, पण मोठ्या माणसांना बरोबर घेऊन.

१. सकाळी कोंबड्या बाहेर काढा. खुराड्यातलं तणस, पिसं, विष्ठा सगळं खरवडून काढा आणि ते घरापासून दूर नेऊन मोठ्यांना जाळायला सांगा. तोंडाला रुमाल बांधायला विसरू नका.

२. काठी, फळ्या, भेगा यांवर उकळतं पाणी ओतायचं. हे काम मोठ्यांचं. तुम्ही लांब उभे राहा. उकळत्या पाण्यात माइटही मरतो आणि त्याची अंडीही.

३. सगळं कडक उन्हात वाळवा.

४. वाळल्यावर भेगा माती-शेणानं लिंपून बुजवा आणि वरून चुना मारून घ्या. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका. फट बुजली की चोराचं घर मोडलं!

५. बसायला पोकळ बांबूऐवजी गुळगुळीत, भरीव काठी लावा. काठीची टोकं भिंतीत खुपसू नका, दोरीनं टांगा.

६. कोंबड्यांना अंघोळ द्या, पण पाण्याची नाही, धुळीची! एका पसरट घमेल्यात कोरडी माती आणि चुलीतली पूर्ण विझलेली, गार, चाळलेली राख मिसळून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, पंखांत धूळ घेतात आणि अंगावरचे कितीतरी किडे स्वतःच झटकून टाकतात.

हेच काम आणखी दोन वेळा, सात-सात दिवसांनी करायचं. त्या मुलाच्या घरी भेगा लिंपल्या त्या आजीनं. नजर लागली असं आधी तीच म्हणाली होती. बॅटरीच्या उजेडात काठीवर चालणारे लाल ठिपके पाहिल्यावर तीच सगळ्यांच्या पुढे झाली. खुडूक कोंबडीला अंड्यांसकट नव्या डालग्यात हलवलं. अकरांपैकी सात अंड्यांतून पिल्लं निघाली. कोंबड्याचा तुरा लाल व्हायला मात्र तीन आठवडे लागले.

धानाचं औषध नको रे बाबा!

सफाईच्या आधी त्या मुलाच्या वडिलांनी मला विचारलं होतं, "घरी धानावर मारायचं औषध आहे, तेच खुराड्यात मारू का?" हा प्रश्न पुष्कळ घरांत पडतो. उत्तर एकच, नाही!

२०१७ सालची गोष्ट. युरोपात नेदरलँड्स आणि बेल्जियम या देशांत मोठमोठ्या कोंबडीघरांमध्ये याच लाल माइटनं उच्छाद मांडला होता. त्याला मारायच्या औषधात फिप्रोनिल नावाचं कीटकनाशक मिसळलं गेलं. हे फिप्रोनिल आपल्याकडे धानाच्या खोडकिड्यावर वापरतात. खायच्या जनावरांवर ते वापरायला युरोपात बंदी होती. पण ते कोंबड्यांच्या अंगात गेलं, तिथून अंड्यांत उतरलं आणि ती अंडी अनेक देशांच्या दुकानांत पोचली. शेवटी लाखो अंडी फेकून द्यावी लागली. म्हणजे खुराड्यात मारलेलं विष शेवटी ताटात येतं.

आणि त्याच वर्षी आपल्या विदर्भात काय झालं? यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो आजारी पडले. उघड्या रानात ही गत, तर घराला लागून असलेल्या बंद खुराड्यात काय होईल? म्हणून शेतातलं औषध शेतातच. रॉकेल तर कोंबड्याच्या अंगाला लावूच नका, कातडी भाजते. औषध लागलंच, तर ते पशुवैद्यकीय डॉक्टरांकडून घ्या आणि "अंडी किती दिवस खायची नाहीत?" हे विचारायला विसरू नका.

प्रत्येक आजार माइटचा नसतो

हे नीट लक्षात ठेवा. कोंबडी मान वेडीवाकडी करतेय, हिरवट-पांढरी हगवण लागलीय, तोंड उघडून श्वास घेतेय, पाय-पंख लुळे पडलेत, तर ती मानमोडी असू शकते. तिलाच राणीखेत रोग म्हणतात. आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा ओळखला गेला तो १९२७ साली, हिमालयातल्या राणीखेत गावी. त्यावरून हे नाव पडलं. त्याच्या आदल्या वर्षी इंग्लंडमध्ये न्यूकॅसल शहराजवळ तो सापडला, म्हणून जगभर त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. रोग झाल्यावर त्यावर औषध नाही, पण आधी टोचायची लस आहे. दवाखान्यात जाऊन आपल्या कोंबड्यांना लस द्यायची तारीख विचारून ठेवा.

एकाच वेळी खूप कोंबड्या पटापट मरू लागल्या, तर त्यांना हात लावू नका, कापू नका, नदी-नाल्यात फेकू नका. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात असंच झालं. भारतात पाळीव कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो तिथे. आजारी पक्षी कापताना हा विषाणू माणसाच्या अंगात शिरू शकतो. आजारी कोंबडा कापू नका असं मी सुरुवातीला म्हटलं, ते यासाठी. अशा वेळी मोठ्यांना सांगून दवाखान्यात कळवा, किंवा १९६२ या क्रमांकावर फोन करायला सांगा.

आणि तुमच्या स्वतःच्या अंगाचं काय? माइट माणसालाही चावतो, खाज सुटते, बारीक पुरळ येतो. पण तो आपल्या अंगावर घर करून राहात नाही. खुराड्यातून आलात की साबणानं हात धुवा, अंघोळ करा, कपडे बदला.

या आठवड्याचा उपक्रम

घरी किंवा शेजारी खुराडं असेल, तर मोठ्यांबरोबर रात्री जाऊन काठीवर पांढरा कागद घासा. त्यावर तारीख लिहा आणि तो वहीत चिकटवा. शेजारी कोंबड्यांच्या तुऱ्याचा रंग लिहा. रेघा दिसल्या तर सफाई करा आणि पुढचे तीन आठवडे दर रविवारी नवा कागद लावा. चारही कागद शेजारी शेजारी आले की रेघा कमी होतायत की नाही, हे वहीच सांगेल.

बाजारातून नवा कोंबडा आणलात, तर त्याला निदान दोन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा. पंखांत लपून चोर नको यायला!

तुमचे,
गुरुजी