महिन्यातला एक रविवार आपल्या मुंबईसाठी!

समस्त मुंबईकर बंधुभगिनींनो,



गावाहून पाहुणे आले की आपण त्यांना मुंबई दाखवायला नेतो. गेटवे, राणीची बाग, हाजीअली, मरीन ड्राइव्ह आणि दिवस हाताशी असला तर लाँचने घारापुरी. यादी ठरलेली आहे आणि चांगलीही आहे. पण पाहुण्यांना परतीच्या गाडीत बसवून दिलं की आपलंही मुंबई पाहणं संपतं. मग पुन्हा घर, स्टेशन, ऑफिस. ज्या स्टेशनांवरून आपण वर्षानुवर्षं जातो-येतो, त्यांच्या आसपास काय आहे हे बघायला आपण कधी उतरतच नाही.

म्हणून आपणा सर्वांना मनापासून विनंती आहे. महिन्यातला एक रविवार, निदान त्याची सकाळ, आपल्याच शहरासाठी राखून ठेवा. पर्यटकांच्या बसगाड्या जिथे थांबत नाहीत, अशा एका जागी घरच्या मंडळींना घेऊन जा. तिकिटाला आणि चहा-वडापावला पुरतील एवढे पैसे, पाण्याची बाटली आणि चालायची तयारी, एवढंच पुरे.

मुंबईची एक गोष्ट आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. सात बेटं, पोर्तुगीज राजकन्येच्या लग्नातलं आंदण, मग इंग्रजांचा कोट आणि त्याभोवती वाढलेलं शहर. गोष्ट खरी आहे, पण ती पुष्कळ उशिरा सुरू होते. अंधेरी पूर्वेला महाकाली केव्हज रोडवर रोज हजारो माणसं वाहतुकीत अडकून पडतात. ज्या लेण्यांवरून त्या रस्त्याला नाव पडलं, ती कोंडिविट्याची बौद्ध लेणी त्याच रस्त्यावर आहेत. लहानमोठी मिळून एकोणीस, आणि त्यांतली सर्वांत जुनी दोन हजार वर्षांपूर्वीची. तिथल्या नवव्या लेण्यात स्तूपाभोवती खडकातच गोल खोली कोरली आहे आणि तिच्या भिंतीला दगडी जाळीच्या खिडक्या आहेत. जोगेश्वरी पूर्वेला वस्तीच्या मधोमध पायऱ्या उतरून खाली गेलात, तर सहाव्या शतकातलं भलंमोठं शैव लेणं समोर येतं. आत जोगेश्वरीची पूजा आजही होते. इंग्रज यायच्या हजार वर्षं आधीपासून इथे माणसं राहत होती, व्यापार करत होती, खडक कोरून देव आणि बुद्ध घडवत होती. हे पुस्तकात वाचून कळतं, पण आपलंसं वाटायला तिथे जाऊन उभं राहावं लागतं.

सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न अनेकांना पडेल. त्यासाठी तीन रविवार सुचवत आहे.

पहिला रविवार उत्तरेकडचा. मेट्रो २ अ मार्गिकेवर मंडपेश्वर आणि एकसर ही स्थानकं शेजारी-शेजारी आहेत. मंडपेश्वरच्या शैव लेण्यात नटराजाचं मोठं शिल्प आहे. झिजलेलं, तुटलेलं, पण अजून ओळखू येणारं. याच लेण्यावर सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी मठ बांधला. त्याचे भग्न अवशेष डोक्यावर दिसतात आणि लेण्यातल्या एका भिंतीवर मूर्तिकाम तासून काढून कोरलेला क्रूस दिसतो. एका जागेवर किती राजवटी आल्या आणि गेल्या, हे मुलांना समजावून सांगायला याहून चांगला वर्ग मिळणार नाही.

तिथून पुढचं स्थानक एकसर. एकसर गावातले शिलाहारकालीन वीरगळ आवर्जून पाहाच. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ उभारलेली शिळा. तो खालून वर बघत जायचा असतो. तळाच्या चौकटीत लढाई, मधे अप्सरांसोबत वीराचं स्वर्गारोहण, वर शिवलिंगाची पूजा. महाराष्ट्रात वीरगळ गावोगावी आहेत, पण बहुतेकांवर पायदळ, घोडेस्वार किंवा गुरांसाठी झालेली लढाई असते. एकसरच्या शिळांवर गलबतं आहेत! नाळ उंच उचललेली, मधे डोलकाठी, आणि बाजूने बाहेर आलेल्या वल्ह्यांची सरळ रांग. मुलांना खाली बसवा आणि ती वल्ही मोजायला लावा. या किनाऱ्यावर जहाजांनिशी लढाया झाल्या, त्यांत इथली माणसं पडली आणि मागे राहिलेल्यांनी त्यांची आठवण दगडात जपली. मुंबईच्या किती शाळांची सहल इथे जाते?

दुसरा रविवार परळ-भायखळ्याचा. गिरणगाव म्हटलं की आपल्याला भोंगे, चाळी आणि १९८२ चा संप आठवतो, आणि तो आठवायलाच हवा. पण त्याच परळमध्ये १९३१ साली रस्त्याचं काम चालू असताना जमिनीतून एक प्रचंड शिवशिल्प निघालं. गुप्तकाळाच्या सुमाराचं, पाचव्या-सहाव्या शतकातलं. ते आज परळच्या बारादेवी मंदिरात आहे. मधे शिव उभा, त्याच्यातून वर उमललेला दुसरा शिव, त्याच्याही वर तिसरा, आणि दोन्ही बाजूंना फांद्या फुटाव्यात तशा आणखी चार मूर्ती. पायाशी वाद्यं वाजवणारे गण. एका शिळेतून सात शिव वर चढत गेलेले आहेत. याची प्रतिकृती फोर्टमधल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. मूळ शिल्प मात्र परळच्या भाविकांनी आपल्या देवळात सांभाळलं आहे. देवळाच्या वेळा विचारून जा आणि तिथल्या मंडळींचे आभार मानायला विसरू नका.

तिथून भायखळ्याला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. राणीच्या बागेला आपण सगळे जातो, पण शेजारच्या या वास्तूत शिरणारे थोडेच. १८७२ साली लोकांसाठी खुलं झालेलं हे मुंबईतलं सर्वांत जुनं संग्रहालय. त्याच्या आवारात काळ्या दगडाचा एक हत्ती उभा आहे. हाच तो घारापुरीचा हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला ‘एलिफंटा’ म्हटलं. तो विलायतेला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तुटला आणि पुढे तुकडे सांधून इथे उभा केला गेला. वाटेत पदपथांवर नजर ठेवा. सेंट थॉमस कॅथेड्रलपासूनचं अंतर दाखवणारे इंग्रजी अमलातले मैलाचे दगड अजून शहरात टिकून आहेत. पदपथांची उंची वाढत गेली तसे त्यांतले काही मानेपर्यंत गाडले गेले होते. महापालिकेने ते मोकळे करायचं काम हाती घेतलं, ही समाधानाची गोष्ट आहे.

तिसरा रविवार धारावी-शीवचा. बेस्टच्या पाटीवर ‘काळा किल्ला’ हे नाव आपण हजारदा वाचलं आहे. तिथे खरोखरच किल्ला आहे, तोही उभा. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७ साली तो बांधल्याचा शिलालेख त्याच्या भिंतीवर आहे. साल लक्षात घ्या. त्याच वर्षी चिमाजी अप्पांच्या फौजा साष्टीत उतरल्या आणि दोन वर्षांत, १७३९ मध्ये, त्यांनी वसई घेतली. त्या काळी मिठी नदी आणि माहीमची खाडी ही इंग्रजांची सीमा होती. पलीकडच्या तीरावर कोण येऊन ठाकलंय, यावर नजर ठेवायची ही जागा. आज भोवती कचरा आणि झाडोरा असतो, तरीही ती पाहायलाच हवी.

जवळच महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सदतीस एकरांची ही हिरवळ एके काळी शहराची कचराभूमी होती. कचरा टाकणं बंद झालं, माती घातली, झाडं लावली आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. आता तिथे पक्षी आणि फुलपाखरं पाहायला अभ्यासक येतात. मुंबईत काही सुधारू शकत नाही, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला एकदा तिथे घेऊन जा. मग शीवच्या टेकडीवरचा सतराव्या शतकातला किल्ला चढा. वरून शहराचा जो भाग दिसतो, तो गेटवेपाशी उभं राहून कधीच दिसत नाही.

अशा जागा अजून पुष्कळ आहेत. गिरगावातली खोताची वाडी, माझगावची म्हातारपाखाडी, वरळी कोळीवाड्याच्या टोकाचा किल्ला, अंधेरी पश्चिमेची गिलबर्ट हिल हा सहा कोटी वर्षांहून जुना काळ्या बेसाल्टचा सुळका, नालासोपाऱ्याचा स्तूप. एकेका रविवारी एकेक घ्या. बारा महिन्यांत आपलं शहर आपल्याला निराळं दिसू लागेल.

जाऊन काय होणार, असं कुणी विचारील. याचं उत्तर बाणगंगेच्या तलावाने दिलं आहे. जून २०२४ मध्ये तलावातला गाळ काढण्यासाठी अवजड यंत्र थेट पायऱ्यांवरून उतरवलं गेलं आणि शतकानुशतकांच्या त्या दगडी पायऱ्यांचं नुकसान झालं. रहिवाशांनी आणि मुंबईकरांनी आवाज उठवला, कंत्राटदारावर गुन्हा दाखल झाला. आवाज उठला, कारण तिथे रोज जाणारी, पायरीन्‌पायरी ओळखणारी माणसं होती. हेच काळ्या किल्ल्यावर घडलं असतं तर? एकसरच्या एखाद्या वीरगळावर कुणी सिमेंट थापलं तर किती जणांच्या लक्षात येईल? केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून शंभर मीटरच्या आत नव्या बांधकामाला कायद्याने मनाई आहे. पण त्या जागेवर नागरिकांची वर्दळ नसेल तर कायदा मोडल्याचं कळणार तरी कुणाला? कागदावर संरक्षित असलेल्या जागेला राखण लागते ती माणसांची.

जाताना काही पथ्यं पाळू या. दगडावर नाव कोरू नका, खडू-रंग लावू नका, शिल्पांवर चढून फोटो काढू नका. पूजेच्या जागी चपला बाहेर ठेवा. खोताची वाडी असो की कोळीवाडा, ती लोकांची राहती घरं आहेत. दारात उभं राहून फोटो काढण्याआधी विचारा, आणि नको म्हणाले तर कॅमेरा खाली करा. आपला कचरा आपल्या पिशवीतून परत आणा. पावसाळ्यात निसरड्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नका.

शिक्षकांना खास विनंती. वर्षातली एक सहल रिसॉर्टऐवजी शाळेपासून जवळच्या एखाद्या लेण्याला किंवा किल्ल्याला काढा. गृहनिर्माण संस्थांनी सत्यनारायणाच्या पूजेइतक्याच हौसेने वर्षातून एक वारसाफेरी आखावी. ज्येष्ठ नागरिक संघांनी आपापल्या भागातल्या आठवणी लिहून काढाव्यात. कुठली विहीर कुठे होती, कुठली वाडी कधी पडली, हे आज त्यांनाच माहीत आहे. आणि कुठेही मोडतोड किंवा अतिक्रमण दिसलं तर फोटो, तारीख आणि ठिकाण लिहून महापालिकेच्या विभाग कार्यालयात किंवा १९१६ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या मुंबई मंडळाला कळवा. त्यांचं कार्यालय शीवच्या किल्ल्यापाशीच आहे. तक्रारीची पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका.

१८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो. त्या दिवशी भाषणं होतील, होऊ द्या. आपण त्याची वाट पाहायची गरज नाही. येत्या रविवारी सकाळी आठच्या आत घराबाहेर पडा, सोबत शेजारच्या एका कुटुंबाला घ्या आणि या यादीतली एक जागा पाहून या. परत आलात की आणखी दोन घरांना ती सांगा. मुंबईने आपल्याला पोट भरायला काम दिलं, डोक्यावर छप्पर दिलं. महिन्यातली एक सकाळ आपण तिला देऊ या.

आपली नम्र,
एक मुंबईकर