टाके निघाले, पण जखम भरली का?

परवा एक बाई दवाखान्यात आल्या. पोटाच्या शस्त्रक्रियेचे टाके निघून जेमतेम आठ दिवस झाले होते आणि जखमेचे एक टोक उकलले होते. चौकशी केली तेव्हा कळले की, टाके निघाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बाई हापशावरून पाणी आणत होत्या. जेवणात काय घेता, असे विचारले. "वरण बंद आहे, पू होतो म्हणून. लिंबूसुद्धा नाही. भाकरी आणि चहा."

अशी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. जखम भरण्यासाठी शरीराला वेळ हवा असतो आणि सकस अन्न हवे असते. नेमक्या याच दोन गोष्टी आपण नाकारतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

जखम झाली की काही मिनिटांत रक्त गोठून भोक बुजते. पुढचे तीन-चार दिवस जागा लाल होते, सुजते, गरम लागते. या काळात पांढऱ्या पेशी जंतूंचा आणि मेलेल्या भागाचा फडशा पाडत असतात. नंतर कोवळे, लालसर मांस धरू लागते. नव्या रक्तवाहिन्या फुटतात आणि कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे विणले जातात. हे धागे पक्के होण्याचे काम मात्र कित्येक महिने, कधी वर्षभरही चालते.

टाके निघतात तेव्हा जखमेची ताकद मूळ कातडीच्या साधारण दहाव्या हिश्श्याइतकीच असते. तीन आठवड्यांनी ती सुमारे २० टक्के होते, तर तीन महिन्यांनी ८० टक्क्यांच्या आसपास जाते. पूर्वीइतकी ती कधीच होत नाही. स्लॅबचे सेंट्रिंग काढले म्हणून कोणी त्याच दिवशी त्यावर विटांचा ट्रक रिकामा करत नाही. बाईमाणसाच्या पोटाला मात्र आपण ही सवलत देत नाही.

आता पथ्याविषयी. पू होतो तो जंतूंमुळे, वरणामुळे नव्हे. उलट कोलॅजन विणायला प्रथिने लागतात आणि ती डाळ, दूध, अंडी, शेंगदाण्यांतून मिळतात. हे धागे पक्के होण्यासाठी 'क' जीवनसत्त्व लागते. ते लिंबू, आवळा, पेरूत असते. इंग्रज दर्यावर्दी ॲन्सन १७४० साली जगप्रवासाला निघाला. ताज्या फळभाज्यांवाचून त्याच्या खलाशांना स्कर्व्ही झाला. त्यांतल्या एका म्हाताऱ्या सैनिकाच्या ५० वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडल्या, अशी त्या सफरीच्या वृत्तांतात नोंद आहे. भरलेल्या जखमेचीही शरीर सतत डागडुजी करत असते आणि त्यासाठी रोजचे अन्न लागते, हाच याचा अर्थ.

तेव्हा वाचकहो, एवढे करा. ताजी जखम स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुवा. चुना, तंबाखू, राख, शेण काहीही भरू नका. माती-शेणात धनुर्वाताचे जंतू असतात. धनुर्वाताच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात ठेवा. तंबाखू, विडी सोडा. त्यांनी रक्तवाहिन्या आकसतात आणि जखमेला रक्त कमी पोचते. चार दिवसांनंतरही लाली, ठणका वाढत असेल, पू किंवा ताप आला, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका.

शस्त्रक्रियेनंतर जड वजन कधीपासून उचलायचे, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घरी जाऊ नका. पोटाच्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर साधारण सहा आठवडे तरी थांबावे लागते. हा प्रश्न बाई संकोचाने विचारत नाहीत. तो नवऱ्याने विचारावा, सासूबाईंनी विचारावा. तोवर घागर दुसऱ्या कोणीतरी उचलावी आणि तिच्या ताटात रोज वाटीभर वरण वाढावे, वर लिंबू पिळून.