अपील म्हणजे स्थगिती नव्हे

अपील दाखल झाले की हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त आपोआप थांबते, हा कोर्टाच्या आवारातला जुना गैरसमज. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधला आदेश ४१, नियम ५ नेमके उलटे सांगतो. स्थगिती मागावी लागते, भरीव नुकसान होईल हे दाखवावे लागते, अर्जाला विनाकारण उशीर चालत नाही आणि तारणही द्यावे लागते. दाव्याच्या खर्चाची वसुलीही दरखास्तीच्याच वाटेने जाते. पण बेलिफ जप्तीचे वॉरंट घेऊन दारात उभा राहीपर्यंत कोणाला जाग येत नाही. (स्वयंपाकाची भांडी आणि अंथरूण-पांघरूण जप्त होत नाही, हा त्याच संहितेतल्या कलम ६० चा एक दिलासा.)

खर्चाची रक्कम कोर्टात जमा करून घेऊन स्थगिती देणे आम्हाला रास्त वाटते. अपील जिंकले तर ती परत मिळते. हरले तर समोरच्याला वसुलीसाठी पुन्हा वणवण नको. मात्र ज्याची ऐपतच नाही, त्याला ही अट अपिलाआधीच गारद करते. तिथे कोर्टाने रोख रकमेचा हट्ट सोडून जामीनदार घ्यावा. आणि पक्षकारांनो, अपिलाबरोबरच स्थगितीचा अर्जही द्या.